शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: भिंतीवरची एकसारखी फुलपाखरं उतरवू द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

बालवर्गाच्या तपासणीला पर्यवेक्षक येतात तेव्हा त्यांची नजर आधी भिंतीकडे जाते. भिंतीवर फुलपाखरं असतात. सगळी एका मापाची, सगळ्यांच्या मिशा एकाच बाजूला वळलेल्या. बाईंनी आदल्या दिवशी उशिरापर्यंत बसून ती कापलेली असतात. मुलांनी काय केलेलं असतं, तर सांगितलेल्या जागी चमकी चिकटवलेली असते. शेरा मिळतो, ‘वर्ग उपक्रमशील आहे.’ माझी तक्रार बाईंबद्दल नाही. त्यांच्याकडे जे मागितलं जातं ते त्या देतात. काय मागायचं हे मात्र तुमचं खातं ठरवतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मागणी आधीच सांगून टाकते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची चित्रं आणि वस्तू ‘कशा दिसायला हव्यात’ हे आधी ठरवणं थांबवा. आणि कागद, रंग, माती यांच्या जोडीला त्यांच्या हातात साधासा कॅमेराही येऊ द्या.

मोकळेपणानं काही करू द्यायचं म्हटलं की पसारा आठवतो. पसारा होतोच, ते मी नाकारत नाही. पण तीन वर्षांचं मूल ओला स्पंज कागदावर दाबत असतं तेव्हा कागद किती पाणी पितो, कुठे फाटतो, पिवळ्यावर निळा सांडला की काय होतं, हे सगळं ते स्वतः शोधत असतं. छापील आकृतीत रंग भरताना शोधायला काही उरतच नाही. रेषेबाहेर जायचं नाही, एवढंच काम. त्यानं हाताला वळण लागतं, असं मला हमखास ऐकवलं जातं. वळण तर माती मळून, कात्री चालवून, मणी ओवूनही लागतं.

बक्षिसांचंही तसंच. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी बालशाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ही मुलं स्केचपेननी आवडीनं चित्रं काढणारी होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे वर्गात स्केचपेनं मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या आशेनं चित्र काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. आवडीचं काम त्यांच्या लेखी आता मोबदल्याचं झालं होतं. चार वर्षांच्या मुलांच्या चित्रकला स्पर्धांना पाहुणे म्हणून जाताना हे आठवावं, एवढीच विनंती.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना नळ्यांचं एक खेळणं दिलं होतं. त्यात आवाज, दिवा, सूर, आरसा अशा गमती दडवलेल्या होत्या. मोठ्या माणसानं मुद्दाम ‘हे बघ, असं चालतं’ म्हणून एक गंमत दाखवली की मुलं तीच करत राहिली आणि बाकीच्या त्यांना कमी सापडल्या. आम्ही शिक्षक फळ्यावर घर काढून दाखवतो, तेव्हा हेच घडतं.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण भुवया तिथे उंचावतात. चित्र काढताना काही मुलं फार लवकर म्हणू लागतात, ‘मला येत नाही.’ मनातला घोडा आणि कागदावरचा घोडा जुळत नाहीत. कॅमेऱ्यात ही अडचण येत नाही. तिथे हाताच्या कौशल्याआधी बघण्याला काम मिळतं. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. टेबलाची खालची बाजू, मोठ्यांचे गुडघे, फरशीच्या फटीतली मुंगी हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं आहे, आणि आपण ते कधीचं विसरलो आहोत. पहिले फोटो बोटांचे, छताचे आणि बाईंच्या नाकपुड्यांचे येतात. येऊ द्यावेत. थोड्या दिवसांनी मूल एखाद्या गोष्टीजवळ थांबतं, मागे सरकतं, वाकतं, पुन्हा फोटो काढतं. म्हणजे ते निवड करू लागलेलं असतं.

कॅमेरा ही मुलांच्या हातची वस्तू नाही, असं म्हणायला इतिहासाचा आधार नाही. कोडॅकनं १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा बाजारात आणला, तो मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच. पुढे छायाचित्रकार म्हणून नाव मिळवलेल्या फ्रान्समधल्या जाक-आँरी लार्तिगला सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी कॅमेरा दिला. १९०५ साली त्यानं आपल्या खेळण्यातल्या मोटारी जमिनीवर मांडल्या आणि कॅमेराही जमिनीवरच ठेवून त्यांचा फोटो काढला. उभ्या माणसाला तो फोटो सुचला नसता. १९६३ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. लार्तिगचं घर श्रीमंत होतं, हेही सांगायला हवं. ज्या घरांत कॅमेरा मुलाच्या हाती देण्याची ऐपत किंवा हिंमत नसते, तिथल्या मुलांसाठी शाळाच पुढे यायला हवी.

‘आधीच मुलं मोबाइलमध्ये बुडालीत, त्यात हे कशाला?’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी फोन मागत नाही. खेळ नसलेला, इंटरनेट नसलेला, पडला तरी चालेल असा, गळ्यात पट्टा अडकवायचा जुना डिजिटल कॅमेरा पुरतो. वर्गाला दोन असले तरी पाळ्या लावता येतात. पाळीची वाट बघताना काय टिपायचं हे मुलं आपसात ठरवतात, तोही फायदाच. कॅमेरा नसेल तर पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून बघता येतं. स्वस्तातल्या गडद रंगीत कागदावर पानं ठेवून ऊन दाखवलं की कागद विटतो आणि झाकलेल्या जागी पानाचा आकार गडद राहतो. प्रकाशानं चित्र उमटतं, हे मुलाला त्यात दिसतं.

फोटो काढून झाल्यावरचं काम जास्त मोलाचं आहे, आणि वेळापत्रकात नेमकी त्यालाच जागा नसते. काढलेल्यांतले थोडे छापायचे, जमिनीवर पसरायचे आणि मुलाला विचारायचं, यातला कोणता ठेवूया? का? ते जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत फोटोखाली लिहायचं. दुसरं मूल त्याच फोटोवर रंग लावेल, तो फाडून त्याचं कोलाज करेल, करू द्यायचं. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात १९६३ साली महापालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली. शिक्षणतज्ज्ञ लॉरिस मालागुत्सी यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेल्या तिथल्या शाळांत मुलांचे शब्द, फोटो आणि चित्रं अशी नोंदवली जातात आणि शिक्षक त्यावरून पुढचं काम आखतात. हे एका महापालिकेनं करून दाखवलं आहे, म्हणून सरकारला न जमण्यासारखं ते नाही.

एका बाबतीत मात्र नियम कडक हवा. मुलांचे चेहरे असलेले फोटो शाळेच्या प्रसिद्धीसाठी समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय बोकाळली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ व्या कलमानं मुलांना खेळाचा आणि कलेत सहभागी होण्याचा हक्क दिला आहे, तसा १६ व्या कलमानं खासगीपणाचाही दिला आहे. वर्गातला कॅमेरा मुलांचा राहावा, त्यातले फोटो वर्गात आणि घरी राहावेत. ‘माझा फोटो काढू नकोस’ असं एखाद्या मुलानं सांगितलं, तर दुसऱ्यानं ऐकावं. हेही तिथेच शिकून होतं.

तुमच्याकडे तपासणीच्या पत्रकाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा त्यातला वर्गसजावटीचा रकाना काढा. त्या जागी पर्यवेक्षकांना एवढंच करायला सांगा: कोणत्याही एका मुलाजवळ बसावं, त्यानं केलेली एखादी वस्तू किंवा फोटो हातात घ्यावा आणि ‘हे कसं केलंस?’ म्हणून विचारावं. साहित्यासाठीचा पैसा तयार किटवर न घालवता कोरा कागद, माती, डिंक, ब्रश आणि दुरुस्त करता येतील अशा कॅमेऱ्यांवर खर्च करण्याची मुभा शाळेला द्या. दिवसातला एक सलग तास बाईंना मोकळा द्या, आणि त्या तासाअखेर भिंतीवर लावण्याजोगं काही तयार झालं नाही तरी त्यांना जाब विचारू नका.

कळावे,

आपली,
बालवर्गात शिकवणारी एक शिक्षिका