ड्रोनला टायर दिसतो, अळी नाही

महोदय,

पंचगंगेचा पूर ओसरला की डासांसाठी फवारणी सुरू होते. पाणी नेमकं कुठे साचून राहिलं, हे मात्र कोणी मोजत नाही. ड्रोनने ते मोजता येतं, पण उड्डाण नीट आखलं तरच.

२० मेगापिक्सेलच्या नेहमीच्या सर्वेक्षण कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १२० मीटरवरून जमिनीवर सुमारे ३ सेंटिमीटरचा पडतो, ६० मीटरवरून त्याच्या निम्मा. डबकी शोधायला पहिली उंची पुरते. गच्चीवरचा टायर ओळखायला दुसरीच हवी. लागोपाठच्या फोटोंत ८० टक्के आणि शेजारच्या रांगांत ७० टक्के भाग सामाईक ठेवावा. तरीही उसाच्या फडावर फोटो जोडून एक नकाशा करण्याचं काम फसतं, कारण पानं हलतात आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. भर दुपारी उडवलं तर पाणी चकाकतं, मग डबकं कुठलं आणि पत्रा कुठला कळत नाही.

जलपर्णीखालचं पाणी तर चित्रात निव्वळ हिरवळ दिसतं. मॅन्सोनिया या डासाच्या अळ्या तिच्याच मुळांतून हवा घेतात.

डेंग्यूच्या एडिस डासाला वाटीभर पाणी पुरतं आणि पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला ८ ते १० दिवस. त्यामुळे महिन्याला एक उड्डाण म्हणजे निव्वळ शोभा! दर आठवड्याला उडवावं आणि दुसऱ्याच दिवशी संशयित ठिकाणी माणसाने ओगराळं बुडवून अळ्या मोजाव्यात. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. उंची ठरवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा.

– ड्रोन सर्वेक्षण व कीटकशास्त्राचे अभ्यासक, कोल्हापूर