पोपट लख्ख, पाय पुसट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीसेक वर्षं मी कबड्डीचा पंच होतो. गुडघे बोलायला लागले तशी शिट्टी खुंटीला टांगली, आता सामने टीव्हीवर पाहतो. पण नजर जाते ती पायांकडेच. बोनस द्यायचा तर समोर किमान सहा बचावपटू हवेत, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे पडलेला हवा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. तो दोन बोटं वर होता की टेकला होता, यावरून मी मैदानात शिव्या खाल्ल्या आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून दिवाळीत ४३ इंची घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चाललेली. पोपट सावकाश मान वळवतोय, मधाचा थेंब ओघळतोय. पोपटाची पिसं मोजून घ्यावीत इतकं लख्ख चित्र. खोक्यावर 'मोशन' या शब्दापुढे २४० छापलेले. भुललो.

घरी पहिलाच सामना लावला. चढाईपटू डाव्या कोपऱ्यात घुसला आणि त्याच्या पांढऱ्या बुटांचा नुसता फराटा झाला. रेषा दिसतेय, पाय दिसत नाही! बायको म्हणाली, "डोळे दाखवून या." अहो, मोतीबिंदू काढून सहा महिने झाले, डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो मी.

नातवाने कंपनीच्याच वेबसाइटवरून तपशील काढला. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. २४० हा कंपनीने आपल्या हिशेबाने बेतलेला आकडा.

मग मी त्याच्या मागेच लागलो आणि सगळं समजून घेतलं. जुन्या डबा टीव्हीत चित्र क्षणभर चमकून विझायचं. आताचा पडदा पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच धरून ठेवतो. आपली नजर मात्र खेळाडूबरोबर सरकत असते, त्यामुळे थांबलेलं चित्र डोळ्यांत फरफटतं. त्यात काही पडदे काळ्याचं पांढरं करायलाही वेळ लावतात, तेव्हा मागे सावली रेंगाळते. ओएलईडी प्रकारच्या पडद्यात ही सावली जवळजवळ नसते, पण चित्र धरून ठेवायची खोड त्यालाही आहे, आणि त्याची किंमत माझ्या पेन्शनला झेपणारी नाही.

खरा १२० हर्ट्झचा पडदा असेल तर टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये आणखी चित्रं घालून फरफट कमी करू शकतो. पण ती मधली चित्रं कॅमेऱ्याने टिपलेलीच नसतात, टीव्ही ती अंदाजाने रचतो! आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या हिशेबाने येतं. क्रिकेटमधला ताशी १४० किलोमीटरचा चेंडू एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत पाऊण मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो, मधला प्रवास टीव्हीच्या मनाचा. कधीकधी बॅटच्या कडेला किंवा पायाभोवती भुतासारखं वलय दिसतं ते यामुळेच. पंच म्हणून मला हे पटत नाही. माझ्या ६० हर्ट्झवाल्यातही हीच सोय दिलेली आहे, ती मी बंद करून टाकली. दुसरी एक सोय दोन चित्रांमध्ये काळा पडदा पाडते, तिने पाय स्पष्ट होतो पण चित्र अंधारतं. आमच्या चाळीतल्या खोलीत दुपारीही दिवा लागतो, तिथे हे चालेल, पण माझ्या टीव्हीत नेमकी तीच नाही.

खोक्यावर एमआरपी असते, वीज किती खातो त्याचे तारे असतात, पडदा किती सेंटीमीटर तेही असतं. तिथेच पडद्याचा मूळ हर्ट्झ ठळक अक्षरांत छापणं सरकारने सक्तीचं करावं, आणि कंपन्यांचे ते फुगवलेले आकडे पुढच्या बाजूला छापायला बंदी घालावी. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाने मागितला तर चालू सामना लावून दाखवावा.

परवा शेजाऱ्यांसोबत त्यांचा टीव्ही घ्यायला गेलो. सामना लाव म्हटलं तर विक्रेता पोरगा म्हणाला, "काका, इथे फक्त डेमो चालतो." शेजाऱ्यांच्या मुलाने मोबाइलचा हॉटस्पॉट दिला आणि कबड्डीचा जुना सामना लावला. तीन टीव्ही बाद केले. चौथ्यावर मागचा पाय हवेत दिसला. तो ५५ इंची निघाला आणि त्यांची भिंत साडेतीन फुटांची, त्यामुळे खरेदी अजून अडलेली आहे.

आपला,
एक निवृत्त कबड्डी पंच, करी रोड, मुंबई