'मुख्यपृष्ठ' विझतच नाही!

महोदय,

गेल्या आठवड्यात वडील घरपट्टीवरच्या नावातली चूक दुरुस्त करायला एका कार्यालयाच्या वेबसाइटवर बसले. वय चौऱ्याहत्तर, पण मराठी टायपिंग माझ्यापेक्षा वेगात. तासाभराने हाक आली, "अरे, हे मला पुढे जाऊच देईना." जाऊन बघतो तर ते बरोबर 'दुरुस्ती'च्या पानावर होते. पण वरच्या मेनूत चालू पान दाखवणारा केशरी पट्टा 'मुख्यपृष्ठ'वर! आपण अजून पहिल्याच पानावर आहोत असं समजून ते पुन्हा 'दुरुस्ती' दाबायचे, पान नव्याने उघडायचं आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. असं चार वेळा. एसटी सांगलीत पोचावी आणि पाटी स्वारगेटचीच असावी, तसला प्रकार.

मी स्वतः वेबसाइट करून देण्याचा धंदा करतो. राहवेना, म्हणून त्या पानाची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) उघडून पाहिली. चालू पानाचा पत्ता मेनूतल्या लिंकच्या पत्त्याने सुरू होतो का, एवढंच तपासलेलं. मुख्यपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरकी रेघ. सगळ्याच पानांचे पत्ते तिथून सुरू होतात. म्हणून ते कायम पेटलेलं.

बाकीची पानं का पेटत नाहीत, ही खरी गंमत. पत्ते मराठीत ठेवलेत (याबद्दल त्यांचं कौतुकच), पण ब्राउझर 'लोकेशन.पाथनेम'मध्ये (कोडला चालू पानाचा पत्ता इथून मिळतो) देवनागरी जशीच्या तशी देत नाही. काना-मात्रा, हलन्त धरून एकेका खुणेची नऊ चिन्हं होतात, टक्क्याच्या चिन्हांसकट. 'दुरुस्ती'त अशा आठ खुणा, म्हणजे बहात्तर चिन्हं. ती लिंकमध्ये हाताने लिहिलेल्या 'दुरुस्ती'शी जुळणार कशी? चाचणी बहुधा इंग्रजी पत्त्यांवर उरकली असावी.

उपाय दोन-चार ओळींचा. लिंकचा 'एचरेफ' (हाताने लिहिलेला पत्ता) वाचण्याऐवजी तिचंच 'पाथनेम' (ब्राउझरने रूपांतर केलेला पत्ता) घ्यावं, म्हणजे दोन्ही बाजू एकाच साच्यातून येतात. मुख्यपृष्ठासाठी पत्ता तंतोतंत जुळला तरच खूण करावी. आणि नुसता रंग बदलू नये. लिंकला 'एरिया-करंट' (aria-current, 'हे चालू पान' असं सांगणारा गुणधर्म) लावून त्याची किंमत 'पेज' ठेवावी. मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध व्यक्तीलाही आपण कुठल्या पानावर आहोत ते ऐकू येतं. रंग, अधोरेखा वगैरे सीएसएसने (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेने) त्याच गुणधर्मावरून द्याव्यात. खरं तर पान पाठवतानाच सर्व्हरला माहीत असतं की कुठलं पान पाठवतोय. तिथेच खूण केली तर जावास्क्रिप्टची गरजही उरत नाही.

हे सगळं मी त्या कार्यालयाला सविस्तर कळवलं. उत्तर आलं : 'कॅशे क्लिअर करून पुन्हा प्रयत्न करावा.' म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती पुसा!

वडिलांचा अर्ज शेवटी मी शेजारी बसून, "बाबा, वर बघू नका" असं बजावत भरून घेतला.

– एक वाचक, सांगली