चढणीच्या माशांना वाट ठेवा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की कुठल्या ना कुठल्या नदीचं ‘पुनरुज्जीवन’ झाल्याची बातमी फोटोसकट येते. फोटोत पोकलेन, तासलेले काठ, सपाट तळ. गाळ काढायला माझा विरोध नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात घेतलेला चिपळूणकर आहे मी. पण गाळ उपसणं वेगळं आणि नदी जिवंत करणं वेगळं.

आमच्या गावच्या वहाळात (ओढ्यात) दोन डोह होते, आमच्याकडे कोंड म्हणतात. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात वडील रात्री बत्ती घेऊन चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरायला जायचे. मळे, शिंगटी उलट्या धारेत उसळ्या मारत पार भातखाचरांपर्यंत चढायचे. (गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले ते मासे आम्ही आवडीने खाल्ले, हे पाप आमच्याही पदरी आहे.) तेव्हा वहाळावर गोण्यांचा वनराई बंधारा असे, पहिल्या लोंढ्याबरोबर तो जाई नि वाट मोकळी होई. मग छातीएवढा सिमेंटचा बंधारा आला. पुढे वहाळ ‘साफ’ झाला: गोटे गेले, काठची शेरणीची झुडपं गेली, एक डोह बुजला. आता तिथे उन्हाने तापणारं उथळ पाणी, खाली चिखल आणि त्यात चिलापी (तिलापिया) मासळी. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. नर मऊ तळात खळगा करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. चिलापीला गोटेही नकोत, खळाळही नको. आपल्या कितीतरी माशांचं त्यावाचून चालत नाही.

गोटे परत आणून टाकले म्हणून मासे येतील असंही नाही. ते जवळपास कुठेतरी शिल्लक हवेत आणि तिथून यायला वाट हवी. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड इथे देवीच्या धाकाने महसीर मासा टिकलाय. असा डोह म्हणजे बियाण्याची कणगी. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, तेव्हा शंभर वर्षं खालीच अडलेला सामन मासा वर चढला. आपल्याला धरण पाडायचं नाही, बंधाऱ्याच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची उतरती वाट ठेवायची आहे. डोहांना हात लावू नये आणि कामाच्या आधी नि नंतर, त्याच जागी, त्याच महिन्यात मासे मोजावेत. अंदाजपत्रकात गाळाचे घनमीटर असतात, मासा कुठेच नसतो.

आमचा उरलेला डोह यंदाच्या कामात धरलाय, असं ऐकतो.

– एक वाचक, ता. चिपळूण