बाबा, एकट्यानं फिरता येईल अशी गल्ली पाहिली

आई, बाबा, नमस्कार करते.

फोनवर बाबा "हं, बरं हाय, ठेव आता" म्हणतात अन आईसोबतचं बोलणं जेवले का, काय केलं भाजीला, इथंच संपते, म्हणून लिहून पाठवतेय. चिंगीकडून मोठ्यानं वाचून घ्या. घाई नाही.

तुम्ही मार्चमध्ये नागपूरले माझ्याकडं आले तेव्हा दोन महिने राहतो म्हणाले होते अन एकविसाव्या दिवशी बॅग भरली. आई म्हणाली, लेकीच्या घरी किती दिवस राहाव. बाबा म्हणाले, वावर पाहा लागते. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. पण आई, खरं काय ते मी डोळ्यानं पाहत होते, तुम्हाला इथं घराबाहेरच पडता येत नव्हतं.

पहिला आठवडाभर बाबा सकाळी सहाला टोपी घालून तयार. गावात त्या वेळेला बाबा पारावर, तिथून टपरीवर चहा, मग धुऱ्याधुऱ्यानं वावरात एक चक्कर, येताना कोणाच्या तरी अंगणात बसून दहा मिनिटं गोष्टी अन मग घर, कोणाले विचारा लागत नाही की सोबत कोणी लागत नाही. इथं सातव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली आले अन गेटपाशीच उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग वॉचमनच्या बाजूच्या खुर्चीवर बसायला लागले तर आमच्या फ्लॅट स्कीममधल्या एकानं सांगितलं की इथं बसायचं नाही, गाड्यांना अडचण होते. तुम्ही मला हे सांगितलं नाही, वॉचमननं सांगितलं. त्या रात्री मी विचारलं बाबा फिरायला का नाही गेले, तर तुम्ही एवढंच म्हणाले, "कुठं जाऊ व बाई मी?"

तुम्ही गेल्यावर एका रविवारी मी टेप घेऊन खाली गेले. आमच्या गेटसमोरचा फूटपाथ रस्त्यापासून अठ्ठावीस सेंटीमीटर उंच निघाला. इंडियन रोड काँग्रेसचा नियम आहे की फूटपाथ १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको अन चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे, म्हणजे समोरून कोणी आलं तरी थांबावं लागू नये. आमच्याकडं मधातच विजेचा डीपी आहे, त्याच्या बाजूनं हाताची दोन वीत जागा उरते. ज्याचा गुडघा दुखतो त्यानं एवढ्या पायरीवर काठी टेकवत चढायचं, वीस पावलं चालायचं अन पुन्हा रस्त्यावर उतरायचं, मागून टिप्पर येत आहे. मला दोन वर्षांत हे दिसलंच नव्हतं कारण मी गेटमधून गाडीवर बसूनच निघते.

आणि पाण्याचं. आपण सीताबर्डीले गेलो होतो त्या दिवशी बाबांनी सकाळपासून पाणी पिलं नाही. मला वाटलं उपास असन. आईनं घरी आल्यावर हळूच सांगितलं की बाहेर लघवीले जायची सोय असन का नाही म्हणून पित नाहीत. मार्चचं ऊन, वय शहात्तर, अन माणूस तहानलेला फिरतोय. हे मला अजूनही आठवलं की घशाशी येते.

मेट्रो मात्र आवडली तुम्हाला. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा तो डबल डेकर पूल, त्याचं नाव गिनीज बुकात आहे म्हटल्यावर बाबांनी खिडकीला कपाळच टेकवलं, मग दारव्हा मोतीबागवरून शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरले कसे जात होते ते सांगत बसले. उतरल्यावर म्हणाले, "गाडी चांगली हाय, पण इथवर याव कसं?" घरून स्टेशनपर्यंतचा दीड किलोमीटर. जावयांनी ऑटो केला होता म्हणून पोचलो. मला वाटते नागपूरवर जेवढे लेख लिहून येतात त्या सगळ्यांत नसन एवढं खरं बोलले बाबा.

तसंच ते सिमेंट रोडचं. जुन्या वस्तीत मावशीकडं गेलो तेव्हा बाबा दारातच थांबले अन म्हणाले, रस्ता जोत्याहून उंच झाला, आता पाणी घरात नाही येणार तं जाईन कुठं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली, लोकांना बोटीनं काढावं लागलं. वावराचा उतार पाहून बांध घालणाऱ्या माणसाला ते नुसतं उभं राहून समजलं.

पुण्याची ताई नेहमी म्हणते आमचं शहर राहायला एक नंबर. खरंच, केंद्र सरकारच्या २०१८ च्या ईज ऑफ लिव्हिंग यादीत पुणं पहिलं होतं अन २०२० च्या यादीत दुसरं, बंगळुरूच्या खाली. असन चांगलं. पण मी शोधत होते ते वेगळं, अन ते मला सापडलं वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनच्या २००७ च्या एका पुस्तिकेत. जगातल्या ३३ शहरांत म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारलं होतं की तुमचं शहर तुम्हाला कसं पाहिजे, आपल्याकडचं दिल्ली अन उदयपूर होतं त्यात. लोकांनी काय मागितलं? बसायला बाक, स्वच्छ संडास, सिग्नल एवढा वेळ राहो की रस्ता पूर्ण पार व्हावा, बसची पायरी खाली पाहिजे, अन बोलायला माणसं. बाबा, ते वाचताना मला वाटलं हे तुम्हीच सांगून राहिले.

गावच बरं, असं मी म्हणत नाही. ऑगस्टमधली ती रात्र मी विसरू शकत नाही. बाबा, तुमच्या छातीत दुखून राहिलं, १०८ ला फोन लावला तर नाल्याला पूर, गाडी पलीकडंच थांबली, तिघांनी खाटेवर उचलून नेलं अन यवतमाळले पोचेपर्यंत पहाट झाली. मी इथं मोबाईल हातात घेऊन बसले होते. पाऊस लागला की आजही मला झोप नाही येत. तुम्ही डॉक्टरजवळ पाहिजे आणि तुम्हाला पारही पाहिजे, या दोन्हीतलं एक सोडा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

म्हणून घर बदलायचं ठरवलं. हनुमाननगरकडं एक घर पाहिलं, तळमजला, जुनं, खोल्या लहान आहेत अन माझं ऑफिस अर्धा तास लांब पडन. जावयांनी हो म्हटलं आहे. ब्रोकरनं टाइल्स अन किचन दाखवलं, मी तीन दिवस सकाळी सहाला जाऊन फक्त गल्ली पाहिली. बाबांच्या चालीनं, थांबत थांबत चालले. दोन्ही बाजूंनी कडुनिंब आहेत, आठ वाजेपर्यंत सावली राहते. घरापासून चहाच्या ठेल्यापर्यंत एकशे चाळीस पावलं अन मधात रस्ता ओलांडावा लागत नाही. मैदानाच्या कोपऱ्यावर संडास आहे, मी स्वतः जाऊन पाहिला, पाणी होतं, कडी लागत होती. पुढं सिमेंटचे दोन बाक, तिथं पाच-सहा म्हातारे पेपर वाचत बसतात, एकजण तर दिग्रसकडचे निघाले, "कोणाकडं आली व बाई?" असं दुसऱ्याच दिवशी विचारलं. आमच्या स्कीममध्ये दोन वर्षांत मला कोणी विचारलं नाही. मेडिकल हॉस्पिटल ऑटोनं पाच मिनिटांवर अन गणेशपेठचा स्टँडही जवळ, म्हणजे मन झालं तर बाबा स्वतः एसटीत बसून गावाले जाऊ शकतात, पंचाहत्तरीवरच्यांना तिकीट नाहीच, अन आई, तुझं अर्धं. वावर तुटत नाही.

आई, तुझ्या कुरड्यांचं मला माहीत आहे. गच्चीला कुलूप होतं, चावी मागितली तर परमिशन लागते म्हणाले, बाल्कनीत दोन तासाचं ऊन, तिसऱ्या दिवशी वास लागला अन तू कोणाले न सांगता पिशवीत बांधून टाकून दिल्या. कचऱ्याच्या डब्यात मी पाहिल्या होत्या, तुला विचारायची हिंमत नाही झाली. या घराच्या मालकीणबाई वरच राहतात, त्यांनी गच्चीवर स्वतःच्या वड्या घातल्या होत्या.

डिपॉझिट अजून दिलं नाही, मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाल्या. बाबा, तुम्ही येऊन ती एकशे चाळीस पावलं चालून पाहा, मी सोबत येणार नाही, घरातच थांबन. नाही जमलं तर नाही म्हणा, दुसरी गल्ली पाहू. पाणी मात्र पिऊन निघा.

आई, येताना सरगुंडे वळायचा पाट आण.

तुमची,
बेबी