ठिपके वर चढवणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

तू माझ्या संगणकासमोर जेमतेम वीस मिनिटं बसली होतीस. तुला आठवतही नसेल, म्हणून हे जाहीर पत्र.

डाळिंबाच्या 48 फळांची वजनं होती माझ्याकडे, ग्रॅममध्ये, दशांशाच्या एका स्थळापर्यंत. आकडेवारीच्या ‘आर’ या संगणकभाषेत स्ट्रिपचार्ट (प्रत्येक आकड्याचा एक ठिपका काढणारा आलेख) लिहिलं, ठिपके एकावर एक रचावेत म्हणून मेथड ‘स्टॅक’ दिली, तरी सगळे ठिपके मुंग्यांसारखे एकाच रांगेत. दोन दिवस मी आर काढून पुन्हा टाकत बसले. (हसू नकोस.)

तू माझा कोड वाचलाच नाहीस. आरसोबत येणारा ‘फेथफुल’ डेटा उघडलास. यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल या उष्ण फवाऱ्याच्या 272 नोंदी. दोन उद्रेकांमधल्या मिनिटांचा तसाच आलेख काढलास, तर ठिपके पटापट एकमेकांच्या डोक्यावर चढले. मग म्हणालीस, “हे चढतात, तुझे का नाही?”

ती मिनिटं पूर्णांकात होती, आणि माझ्याकडे 212.4, 212.7, 213.1. स्टॅक फक्त तंतोतंत सारखे आकडे एकावर एक ठेवतं, ‘जवळपास सारखं’ त्याला कळत नाही. आकडे पूर्ण करणाऱ्या ‘राउंड’ला उणे एक दिलंस, वजनं दहाच्या पटीत आली आणि मनोरे उभे राहिले. ते आलेखाच्या मधूनच सुरू होत होते, ते ‘ॲट’ (ठिपक्यांची रांग किती उंचीवर ठेवायची ते) 0.15 करून खाली आणलेस. पोकळ चौकोनांच्या जागी ‘पीसीएच’ (चिन्हाचा क्रमांक) 19 चे भरीव ठिपके.

आणि समोर दोन ढीग! एक 210 च्या आसपास, दुसरा 280 च्या. मी अहवालात ऐटीत लिहिलेली सरासरी 247, आणि 250 च्या जागी एकही फळ नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, दोन बागांची क्रेट एकत्र झाली होती.

पुढे जीजीप्लॉट या आरमधल्या आलेखांच्या पॅकेजचा डॉटप्लॉटही शिकले. तो जवळचे आकडे स्वतःच गटात घेतो, पण बिनविड्थ (गटाची रुंदी) आपण द्यावी हे बरं. त्याच्या उभ्या अक्षावरच्या आकड्यांना काही अर्थ नसतो, म्हणून ते मी काढून टाकते.

सादरीकरणात सरांनी नेमकं तेच विचारलं, “उभ्या अक्षावर आकडे का नाहीत?” मी म्हटलं, “ठिपके मोजा, सर.” हे वाक्य तुझं होतं, ते तिथे सांगायचं राहून गेलं.

तुझी,
डाळिंबवाली