ग्रंथपाल बाईंच्या चार्जमध्ये काय राहून जाते?

महोदय,

शाळांमध्ये ३१ मे हा निवृत्तीचा मोठा दिवस. (एका पिढीची जन्मतारीख शाळेत घालताना सर्रास १ जून लिहिली गेली, त्याचे हे फळ.) निवृत्त होणाऱ्यांत ग्रंथपाल बाई असल्या तर शाल-श्रीफळ होते, 'सेवाभावी' हा शब्द चार भाषणांत येतो आणि सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत कपाटांच्या किल्ल्या लिपिकाकडे जातात. दाखल नोंदवहीतले (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने चढवायची वही) आकडे जुळले की चार्ज पूर्ण. पंधरा-वीस दिवसांत नाशकात पाऊस लागतो. बाई नेमके काय करत होत्या, ते ऑगस्टमध्ये कपाट उघडल्यावर वासावरूनच कळते.

बाई एप्रिलमध्येच कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढत. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रे काढून टाकत, कारण तो कागद ओल धरतो आणि त्याखाली कसर वाढते. पुस्तके ठासून भरत नसत. दोन बोटे सहज जातील इतकी जागा ठेवली की हवा खेळते. डांबरगोळ्या किड्यांसाठी ठीक, बुरशी त्यांनी जात नाही. बुरशी आलेले पुस्तक ओल्या फडक्याने पुसले तर डाग कागदात मुरतो. ते सावलीत उभे उघडून वाळवायचे आणि तोंडाला रुमाल बांधून, वर्गाबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने झाडायचे. कडक उन्हात टाकले की कागद पिवळा पडून तुटतो.

दुरुस्तीही पावसाआधीच. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली खळ आणि पातळ टिश्यू कागद. खळ कमी लावायची, वर-खाली प्लास्टिक ठेवून रात्रभर वजनाखाली दाबायचे. जुलैत हेच केले तर खळ वाळत नाही आणि कसरीला आयती मेजवानी होते. सेलोटेप मात्र कधीच नाही. काही वर्षांत तिचा चिकटा तपकिरी होऊन अक्षरेच खातो.

देवघेव हा दुसरा भाग. पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलांची नोंद एकेक करून वहीत केली तर घंटा होते आणि निम्मी मुले रिकाम्या हाताने परततात. म्हणून बाई साठ-सत्तर पुस्तके आधीच बाकांवर मांडत. मूल पुस्तकाच्या खिशातले कार्ड काढून त्यावर नाव-तुकडी लिही. बाई फक्त तारखेचा शिक्का मारत आणि कार्डे तारीखवार पेटीत लावत. कोणाचे पुस्तक थकले, हे शोधायला वही चाळावी लागत नसे.

नव्या माणसाच्या हाती हे सगळे बंद पडते, आणि त्याला आळशी म्हणणे सोपे असले तरी ते खरे नाही. हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्या पगारातून होईल, ही त्याची भीती असते. कुलूपबंद पुस्तक हरवत नाही! फाटलेल्या, गहाळ पुस्तकांची यादी दरवर्षी शाळा समितीपुढे ठेवून निर्लेखन, म्हणजे ती पुस्तके नोंदीतून रीतसर कमी करणे, मंजूर करून घेतले, तर ही भीती निम्मी कमी होते. अनेक शाळांत हा ठराव वर्षानुवर्षे होतच नाही. मग १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाट फोटोपुरते उघडते.

शाळेबाहेरच्या कामाचा तर चार्जच नसतो. रविवारी सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत चाळीस पुस्तकांची पत्र्याची पेटी नेणे हे बाईंचे स्वतःचे काम. त्यात शाळेचे दाखल क्रमांक असलेले एकही पुस्तक घालायचे नाही, फक्त देणगीतली, आणि त्यांची वही वेगळी. देणगीत येतात बहुधा जुनी गाइडे; ती तिथल्या तिथे बाजूला काढावी लागतात, नाहीतर पेटीचे वजन वाढते आणि मुले कमी होतात. वाचकांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या नेणारी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना ज्या शहरात सुरू झाली, १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय जिथे आहे, तिथे अशी पेटी सांभाळणारी दोन माणसे मिळायला हरकत नसावी.

संस्थाचालकांनी एवढेच करावे: किल्ल्या घेणाऱ्याला मेअखेरीस नव्हे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाईंच्या हाताखाली द्यावे. चार्जच्या कागदावर पुस्तकांच्या संख्येखाली निर्लेखनाच्या ठरावाची तारीख असावी आणि रविवारची पेटी आता कोणाकडे, तेही लिहावे.

– काही निवृत्त शालेय ग्रंथपाल, नाशिक